तेलाने रिकिबीचं हाड सुटत नाही, काका

परवा रात्री काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि सकाळी सिडकोतल्या वहिनीने कानाचा सीटी स्कॅन रद्द केला. मेसेज असा: 'कानाचा एक सीटी म्हणजे ५०० एक्स-रे, मेंदूचा कॅन्सर ठरलेला. पडदा चांगला असेल तर स्कॅन म्हणजे निव्वळ कमिशन. लसूण कढवलेलं मोहरीचं तेल रात्री कानात सोडा, २१ दिवसांत आखडलेलं हाड मोकळं होतं.' खाली कुणाचंही नाव नाही.

तेलाचं आधी बोलते, कारण वहिनीने ते दोन रात्री घातलंसुद्धा. काका, पडदा धड असेल तर बाहेरून घातलेलं तेल पडद्यापाशीच थांबतं. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तिन्ही हाडं पडद्याच्या पलीकडे आहेत. मग तेल तिथे पोचणार कुठून? आणि पडद्याला भोक असेल तर तेच तेल मधल्या कानात उतरून संसर्ग करील. गरम असेल तर कातडी भाजेल, ओल राहिली तर बुरशी धरेल. शिवाय वहिनीला ज्या आजाराची शंका आहे, त्या ओटोस्क्लेरोसिसमध्ये (कानातलं हाड वेडंवाकडं वाढण्याच्या आजारात) हाड नुसतं 'आखडलेलं' नसतं. अंतर्कर्णाच्या, म्हणजे कानाच्या सगळ्यात आतल्या भागाच्या, खिडकीजवळचं हाड झिजून तिथे नवं हाड वेडंवाकडं वाढतं आणि जेमतेम ३ मिलिमीटरची रिकीब तिथेच जखडते. वाढलेलं हाड लसणीने वितळत नाही. १९५६ साली अमेरिकेत कानाचे सर्जन जॉन शे यांनी जखडलेली रिकीब काढून कृत्रिम रिकीब बसवली, आजची शस्त्रक्रिया त्याच वाटेवरची आहे.

आता 'पडदा चांगला, मग स्कॅन कशाला'. अहो, या आजारात पडदा बहुतेक वेळा चांगलाच दिसतो! वहिनीचाही चांगला आहे. द्वारका चौकात गाड्यांच्या गोंगाटात तिला आमचं बोलणं कळतं आणि घरात शांततेत कळत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिच्या आईचंही असंच होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्रास वाढला. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, आवाज आत पोचवण्यातच अडथळा दिसला. तो अडथळा कशाचा, हे टॉर्च लावून कळत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे काप घेणाऱ्या स्कॅनमध्ये खिडकीजवळचं बिघडलेलं हाड दिसू शकतं. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या वरच्या नळीवरच्या हाडाला भोक पडलं असेल तर तेही दिसतं. हा भोकाचा वेगळा आजार १९९८ साली अमेरिकेतले कानाचे डॉक्टर लॉइड मायनर यांनी मांडला. त्याची लक्षणं अशीच वाटू शकतात, पण तिथे रिकिबीचं ऑपरेशन करून उपयोग नाही. चुकीचं ऑपरेशन टळतं ते या स्कॅनमुळे.

५०० एक्स-रेचा आकडा कुठून आला, तेही शोधलं. युरोपीय आयोगाच्या २००० सालच्या मार्गदर्शक तक्त्यात तो पोटाच्या सीटीसमोर आहे. डोक्याच्या सीटीसमोर शंभराच्या घरातला आकडा आहे, तोही छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत, म्हणजे साधारण २ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप). कानाच्या स्कॅनमध्ये तर डोक्याची एक पट्टीच येते. आपण वर्षभर माती, हवा, अन्न यांतून जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग घेतच असतो. किरणं शून्य नाहीत, हे मान्य. दिवस गेले असतील तर आधी सांगायलाच हवं, लहान मुलांचं जास्त विचारपूर्वक ठरवायला हवं. पण 'कॅन्सर ठरलेला' हे धादांत खोटं आहे.

कमिशनचं मात्र पूर्ण नाकारत नाही. गरज नसताना तपासण्या लिहिल्या जातात, आपल्या घरानेही ते भोगलंय. कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला सीटी लागत नाही, कित्येकांचा नुसता मळ निघतो. आजार सुरुवातीचा असेल तर सीटी स्वच्छ येऊनही रिकीब जखडलेली असू शकते. म्हणून ऑडिओग्राम आणि डॉक्टरांची तपासणी आधी, स्कॅन मागून. वहिनीच्या बाबतीत याच क्रमाने झालंय.

तारीख मी पुन्हा घेतलीय, मंगळवारी सकाळची. काका, तेवढा तो मेसेज ग्रुपवरून काढा. आणि त्या तेलाचं आधी डॉक्टरांना सांगू, म्हणजे कान साफ करून मगच स्कॅन होईल.