‘पिल्लू आणा, दोन दिवसांत जमतं’: नाही जमत

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: एकटी मांजर कुढते, म्हणून तिला सोबत आणलीच पाहिजे. आणताना पिल्लूच आणा, पिल्लाला मोठी मांजर मारत नाही. घरात बोका असेल तर मादी आणा, जोडी जमते. आणि दोघांना एका खोलीत सोडून द्या, दोन दिवस फिसकारतील, मग गळ्यात गळे घालतील. हे वाचून लोक खरंच पिल्लं उचलून आणतात. त्याचे हाल मुक्या जिवांना भोगावे लागतात, म्हणून लिहिते आहे.

मांजर कुत्र्यासारखी कळपातली नाही. तिचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर, एकट्यानं उंदीर धरणारा. नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा ओळीकडे मांजरांचे घोळके दिसतात, पण तिथं खायला मुबलक असतं आणि अशा घोळक्यातल्या माद्या बहुधा एकमेकींच्या आई, बहिणी, लेकी असतात. परकी मांजर आली की त्याच तिला हुसकावतात. दिवसभर झोपते म्हणजे दुःखी, हेही खरं नाही. मोठी मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतेच. वयाच्या २ ते ७ आठवड्यांत जिला इतर मांजरांची सवय लागली, तिला पुढेही सोबत रुचण्याची शक्यता जास्त. पहिल्यापासून माणसांतच बाटलीवर वाढलेल्या मांजरीसाठी मात्र दहादा विचार करा.

‘पिल्लूच आणा’ हे ऐकून मी स्वतः चुकले आहे. माझा बोका तेव्हा नऊ वर्षांचा, घर दोन खोल्यांचं. तीन महिन्यांचं पिल्लू आणलं. बोक्यानं त्याला मारलं नाही, हे अगदी खरं. पण पिल्लू त्याच्या शेपटीवर झेपा घ्यायचं, झोपेत कान चावायचं, वाटीत तोंड घालायचं. बोका कपाटावर जाऊन बसला. त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेकडे जायची वाट अरुंद, आणि तिथंच पिल्लू लोळत पडायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “राहू दे नं वं मोकळं, आपोआप जमते सारं.” पाचव्या दिवशी बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. पाठ वाकलेली, मागचे पाय थरथरताहेत, आणि वाळू कोरडीच. ताणानं मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद, ती पार तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी नळी घालून त्याला वाचवला.

वयस्क मांजरीला तिच्याच चालीचं, शांत, मोठं मांजर आणावं. पिल्लांवरच जीव जडला असेल तर दोन सख्खी पिल्लं परवडली. ती आपसात मस्ती करतात आणि म्हातारीला मोकळं सोडतात. घरची मांजर वर्षभराची उनाड असेल तर तिला तेवढीच उनाड जोडीदार द्या. ज्यांच्याकडून मांजर घेणार त्यांना विचारा: ती इतर मांजरांत राहिली आहे का? समोरची फिसकारली की खेळ थांबवते का? रंग-रूपापेक्षा ही उत्तरं मोलाची.

नर-मादीच्या जोडीचं तर सोडूनच द्या. मादी चौथ्या महिन्यापासून गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. भाऊ-बहीण असणंही त्यांना आड येत नाही. दोघांची नसबंदी झाली की नर की मादी याला फारसं महत्त्व उरत नाही, स्वभावाला उरतं. बोक्याच्या ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून दूर ठेवा.

आता ते दोन दिवस. नव्या मांजरीला निदान दोन आठवडे वेगळी खोली हवी, आणि ती फक्त भांडण टाळायला नाही. मांजरांच्या ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, विषाणू लाळेतून, एका वाटीत खाण्यातूनही पसरतो. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. आधी रक्ततपासणी आणि लसी. मग एकीच्या गालावर फिरवलेलं फडकं दुसरीच्या अंथरुणात ठेवा. बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, पुढे जाळीतून भेट. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, तेही वेगवेगळ्या जागी. आणि नुसती मारामारी शोधू नका. टक लावून बघणं, दारात आडवं बसून वाट अडवणं, हेही भांडणच असतं, फक्त त्याचा आवाज होत नाही.

आपल्या नागपुरात आणखी एक अडचण. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बहुतेक घरांत कूलरची खोली एकच. वेगळी ठेवलेली मांजर तापलेल्या खोलीत होरपळेल, नाहीतर दोघी एकाच खोलीत कोंडल्या जातील. दिवाळीनंतर आणा.

बोका बरा झाल्यावर मी पिल्लू वेगळं करून सगळं पहिल्यापासून केलं. अकरा आठवडे लागले. बिलगून ते आजही झोपत नाहीत. कूलरच्या झोतात एक पलंगावर असतो, दुसरा पलंगाखाली, आणि ट्रेकडे जाताना बोका आता मागे वळून बघत नाही.