'काका, स्कॅनर लावा': एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली, आणि 'कशाला लक्ष देतोस' असं घरच्यांनी सांगितल्यावर तिसऱ्यांदा वाचली. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितो. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलं तर काय काय तपासावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर या वाचकांनी लिहिलं: 'काका, चाकाला हात लावून बघायचे दिवस गेले. स्कॅनर लावला की दोन मिनिटांत कळतं. माझ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदलला, सोबत प्लग बदलले, हवा चेक केली, ॲव्हरेज १० वरून साडेबारावर. एअर फिल्टरमुळे ॲव्हरेज जातं ही अफवा आहे. आणि एका टाकीच्या हिशोबावर निष्कर्ष कसले काढता? अशा लेखांनी लोकांची दिशाभूल होते.' (स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यानं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. ऑक्सिजन सेन्सर इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो.)

आधी 'काका'बद्दल. लेखात मी माझं वय कुठेही लिहिलेलं नाही, गाडीचं लिहिलंय. गाडी सव्वीस वर्षांची म्हणून मालकही पिकलेला, हे निदान कुठल्या स्कॅनरवर आलं ते कळवा. आणि 'दिशाभूल' कशाला म्हणता? दिशाभूल करणाऱ्याला काहीतरी खपवायचं असतं. मी ना सेन्सर विकतो ना फिल्टर. नुसतं 'चुकलात' म्हणाला असतात तर निमूट ऐकून घेतलं असतं. (घरच्यांचं यावर वेगळं मत आहे, पण तो मुद्दा इथला नाही.)

एअर फिल्टरचं म्हणाल, तर तिथे तुमचं बरोबर आहे. मोकळेपणानं मान्य करतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ साली हेच तपासलं होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला तरी ॲव्हरेज जवळजवळ तेवढंच राहतं, पिकअप मात्र मरतो. कारणही सोपं आहे. आत किती हवा येते ते कॉम्प्युटरला कळतं आणि तो पेट्रोल त्या मानानं सोडतो. कार्बोरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या गाडीत ही सोय नाही, तिथे फिल्टर चोंदला की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल खरंच जास्त जळतं. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच वाक्यात बसवल्या, ती चूक माझी. वाक्य आजच दुरुस्त केलंय.

आता 'स्कॅनर लावला की दोन मिनिटांत कळतं' या वाक्याकडे येतो. तुम्ही ते सहज लिहून गेलात, मी त्यावर रात्रभर कूस बदलत होतो.

काय कळतं दोन मिनिटांत? स्कॅनरवर कोड येतो, आजार येत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त, एवढंच. का लीन आहे ते शोधायचं काम तुमच्याकडेच राहतं. एक उदाहरण घ्या. इंजिनचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बारीक तडा गेलाय, किंवा त्याच्या सांध्यातलं गॅस्केट फुटलंय. सेन्सरच्या अलीकडेच बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो कॉम्प्युटरला सांगतो की मिश्रण लीन आहे, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज गेलं, पी०१७१ आला, आणि 'स्कॅनर लावा' पंथाचा माणूस नवा सेन्सर आणायला निघाला. जुना सेन्सर बिचारा खरं तेच बोलत होता, नवाही तेच बोलणार. एखादा सिलिंडर मिस मारत असेल तरी हाच प्रकार होतो. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, सेन्सर त्याला लीन म्हणतो, आणि आधीच वाया जाणाऱ्या पेट्रोलमध्ये कॉम्प्युटर आणखी भर घालतो. तडा शोधायचा तर गार इंजिन सुरू करून कान द्यावा लागतो, टिक-टिक आवाज येतो, आणि इंजिन तापून लोखंड फुगलं की तो कधी कधी बंदही होतो. तो ऐकू येणं हा काकांचा धंदा.

बरं, कोडच नसेल तर? कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय याला फ्युएल ट्रिम म्हणतात. पाचेक टक्के इकडेतिकडे म्हणजे ठीक. पण बहुतेक गाड्यांत हा आकडा वीसच्या वर गेल्याशिवाय 'चेक इंजिन'चा दिवा लागत नाही. अधिक बारावर बसलेली गाडी 'नो कोड' म्हणूनच घरी परत येते. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक बारा आणि अडीच हजार आरपीएमला अधिक तीन असेल, तर कुठल्यातरी व्हॅक्युम पाईपमधून हवा आत शिरतेय, कारण आयडलला हवा थोडी असते आणि गळती तेवढीच, म्हणून ती तिथे जास्त जाणवते. हे आकडे कोडच्या पानावर नसतात, लाइव्ह डेटा उघडून बघावे लागतात. तुम्ही उघडला होता का? प्रतिक्रियेत तरी तसं कुठे दिसलं नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, तोही तसाच. तो उघडा अडकला की इंजिन नव्वदच्या आसपास जायच्या ऐवजी पासष्ट-सत्तरवर रेंगाळतं, आणि इंजिन अजून गारच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे काट्यावर विसंबून राहू नये. काही गाड्या पी०१२८ हा कोड देतात, माझ्या गाडीसारख्या जुन्या गाड्या काहीच देत नाहीत. गार गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावून बघा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. हात लावून! तेच, ज्याचे दिवस गेले म्हणालात.

आणि ज्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही तिचं काय करायचं? लेखाच्या शीर्षकात 'जुनी गाडी' होतं. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) गाडीत व्हॅक्युम ॲडव्हान्सचा, म्हणजे हलक्या ॲक्सिलरेटरवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाचा, पडदा फाटला की सरळ रस्त्यावर, हलक्या ॲक्सिलरेटरवर, जिथे सगळ्यात चांगलं ॲव्हरेज मिळायला हवं तिथेच ते जातं. ठिणगी उशिरा पडते, बाकी गाडी ठणठणीत वाटते. नळी काढून तोंडानं ओढायची आणि आतली पट्टी सरकते का ते बघायचं. सरकून तिथेच टिकली तर पडदा शाबूत, नाहीतर फाटलाय. यासाठी ॲप निघालं असेल तर मला पाठवा.

माझ्या गाडीची गोष्ट मूळ लेखात मी दोन ओळींत उरकली होती. आता सविस्तर ऐकाच. इंजेक्शनची गाडी, पंधराची सवय, हळूहळू बारावर आली. मीही आधी स्कॅनरच लावला. (होय, माझ्याकडे आहे. तुमच्या जन्माआधीपासून नसेल, पण आहे.) कोड नाही. ट्रिम अधिक दोन. प्लग बदलले, काही नाही. मग मेकॅनिक म्हणाला 'सेन्सर जुना झाला असेल', म्हणून सेन्सरही बदलला, तोही उगाच, आणि त्या दिवसापासून 'असेल' या शब्दाची मला भीती वाटते. शेवटी एका लांबच्या प्रवासात, सपाट रस्त्यावर न्यूट्रल केल्यावर गाडी फार लवकर थांबते असं वाटलं. उतरून चारही चाकांपाशी उलटा तळहात नेला. मागचं डावं चाक भाजत होतं. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती आणि ब्रेक शू ड्रमला घासत होते. इंजिन निर्दोष, सेन्सर निर्दोष, कॉम्प्युटरनं आपलं काम चोख केलेलं, आणि मी रोज हँडब्रेक ओढून गाडी चालवत होतो. केबल बदलली, पुढच्या टाकीला साडेचौदा. आता तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकतो, त्याच दिवशी टायरमध्ये हवाही भरली होती. पण ती चार पीएसआयच कमी होती, त्यानं अडीच किलोमीटर येत नाहीत.

तुमच्या साडेबाराबद्दल मात्र विचारणं भाग आहे. सेन्सर, प्लग आणि हवा एकाच दिवशी, मग श्रेय एकट्या सेन्सरला कसं? कोड कुठला होता तेही लिहिलेलं नाही. पी०१३३ असेल, म्हणजे सेन्सर मंदावलाय, तर बदललात ते योग्यच केलंत. गरम झालेला चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत झोके घेतो, वय झालं की झोके संथ होतात. वयाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगितलं.

एका टाकीचा हिशोब. पंपाची नळी कुठे कट होते त्यावर लिटरभर इकडेतिकडे होतं, हे मला माहीत आहे. तीस लिटरांत लिटरभर म्हणजे तीन-साडेतीन टक्के. बारा आणि साडेचौदात त्याहून पुष्कळ जास्त अंतर आहे. यावर याहून जास्त लिहावं असं काही नाही.

टायर बदललेत का, हे तेवढं सांगा. लोक १५५/८० आर १३ काढून १६५/८० आर १३ घालतात, दिसायला भरदार. व्यास ५७८ मिलिमीटरचा ५९४ होतो, चाक एका फेरीत पावणेतीन टक्के जास्त पुढे जातं, मीटर मात्र जुन्याच हिशोबानं मोजतो. खरं पंधरा देणारी गाडी कागदावर १४.६ देते आणि मालक सेन्सर शोधत बसतो. हे मूळ लेखात राहून गेलं होतं. ते तुम्ही दाखवून दिलं असतंत तर मी आभार मानले असते, तुम्ही मात्र 'काका' शोधून काढलंत.

इंजिन ऑइलच्या ग्रेडबद्दल आणि इथेनॉलबद्दल तुम्ही शेवटी जे दोन प्रश्न टाकलेत त्यांची उत्तरं मूळ लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहेत. तिथवर वाचलं असतंत तर विचारावे लागले नसते.

वाद वाढवायचा नाही. गाडी तापल्यावर आयडलचे आणि अडीच हजार आरपीएमचे ट्रिम, कूलंटचं तापमान, आणि दहा किलोमीटर चालवल्यावर चारही चाकं किती तापली याचा अंदाज, एवढं लिहून पाठवा. ड्रमला किंवा डिस्कला हात टेकवू नका, भाजेल. नुसता जवळ न्यायचा, तळहात उलटा करून.