एकादशी, यीस्ट आणि जपानचं नोबेल

आषाढी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. 'जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. त्याने सिद्ध केलं की वर्षातून 20-25 दिवस 9-10 तास उपाशी राहिलं तर कॅन्सर होत नाही, उपाशी शरीर कॅन्सरच्याच पेशी खातं. पूर्वजांनी एकादशी उगाच नाही सांगितली!' यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. खाली नमस्कारांची रांग. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी तासांचा हिशोब. रात्री साडेनऊला जेवलात, सकाळी साडेसातला चहा-पोहे घेतलेत, झाले 10 तास. म्हणजे निम्मी मुंबई हा उपास वर्षभर रोज करतेय. मग परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर पथारी पसरून बसलेली माणसं कशाला आली असतील?

नोबेलचं खरं आहे. योशिनोरी ओसुमी, 2016. पण त्यांनी उपाशी ठेवलं ते यीस्टला. वडापावचा पाव ज्याने फुगतो, तेच. अन्न तुटलं की पेशी आपलेच जुने-मोडके भाग पिशवीत बांधून पचवते. याला ऑटोफॅजी म्हणतात, मराठीत स्वभक्षण. हा शब्द 1963 मध्ये बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियन द दुव्ह यांनी दिलेला. अडचण ही, की यीस्टची पेशी इवलीशी आणि पचन झटपट, त्यामुळे दिसायला काही उरतच नाही. ओसुमींनी शक्कल लढवली. पचवणारी एन्झाइम्सच नसलेलं यीस्ट घेतलं आणि ते उपाशी ठेवलं. पालिकेची गाडी कचरा भरत राहावी, पण रिकामी कुठे होऊच नये, तसं झालं. काही तासांत पेशीतली रिक्तिका, म्हणजे हे पचन जिथे होतं ती पोकळी, बारक्या पिशव्यांनी गच्च भरली आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू लागली. मग कुठलं जनुक बिघडलं की हे थांबतं, ते शोधत 1993 पर्यंत 15 जनुकं हाती लागली. नोबेल या कामाचं. त्यात ना कॅन्सरचा रुग्ण, ना 20 दिवस.

'कॅन्सरच्या पेशी खातं' इथे तर मेसेज साफ घसरतो. स्वभक्षणात पेशी स्वतःच्या आतलं खाते, शेजारणीला नाही. मोडकं सामान वेळेवर निघालं तर पेशी बिघडायची शक्यता कमी, इतपत ठीक. पण गाठ एकदा धरली, की तीच यंत्रणा गाठीच्या कामी येते. आत रक्तपुरवठा तोकडा, तिथल्या पेशी स्वतःचेच भाग पचवून तग धरतात. म्हणून संशोधकांनी कॅन्सरवर स्वभक्षण थांबवून पाहायच्या चाचण्या केल्या, त्याही हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने. मलेरियाच्या त्या कडू क्लोरोक्विनची ही सख्खी बहीण. मेसेजच्या नेमकं उलट!

आणि उपास तरी कसला? आमच्याकडे सकाळी कूट घसघशीत घातलेली साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, चारला वेफर्स. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. साखर चढते, इन्सुलिन येतं आणि ते स्वभक्षणाला लगाम घालतं. 'एकादशी नि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण नजर पक्की होती.

श्रद्धेने करा, माझी ना नाही. पण केमो चालू असलेल्याचं वजन तसंही उतरत असतं, त्याला हा मेसेज पाठवू नका. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यालाही नको. गेल्या आषाढीला सासूबाईंनी तो वाचून 'कडक' करायचं ठरवलं, खिचडीही सोडली. साखर उतरवणारी गोळी, ग्लिमेपिराइड, मात्र सकाळी घेतली. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. मागच्या बाईंनी पर्समधून खडीसाखर काढून त्यांच्या तोंडात घातली. जरा हुशारी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "उपास मोडला का गं?"

"नाही हो आजी," त्या बाई म्हणाल्या, "खडीसाखर चालते."