‘१५ दिवसांत स्पेशल एज्युकेटर’ या मेसेजला माझं उत्तर

माझ्या धाकट्या जावेने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, भरू का पैसे? तुमच्याच लाइनचं आहे." (मी शाळेत विशेष शिक्षिका, म्हणजे स्पेशल एज्युकेटर आहे.) तिच्या बचत गटात तो आधीच फिरला होता आणि दोघींनी पैसे भरलेही होते. दोन दिवसांनी तोच मेसेज आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला. एकेकीला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मेसेज थोडक्यात असा: ‘दहावी पास महिलांसाठी सुवर्णसंधी. १५ दिवसांचा ऑनलाइन कोर्स, सरकारमान्य सर्टिफिकेट. स्पेशल एज्युकेटर, शॅडो टीचर, थेरपिस्ट किंवा मध्यस्थ बना, महिना ४० ते ६० हजार कमवा. देशात लाखो जागा रिकाम्या. ऑटिझम, एडीएचडीच्या मुलांचा हट्ट ९० दिवसांत मोडण्याचं खात्रीशीर तंत्र. घरीच सेंटर काढा, लायसन्स लागत नाही. फी ४,९९९ रुपये, आज रात्री बारापर्यंतच.’

आधी हट्टाचं बोलते. बाकीच्या मुद्द्यांत पैसे बुडतील, फार तर आपल्यावर गुन्हा लागेल, इथे मुलाला इजा होईल.

‘हट्ट मोडण्याचं तंत्र’ म्हणजे काय, हे त्यांच्या नमुना व्हिडिओत दिसतं. सहा-सात वर्षांचा मुलगा कानावर हात ठेवून ओरडतोय. शिकवणारी व्यक्ती त्याला सतरंजीवर पालथं पाडते, पाठीवर हात दाबून धरते आणि कॅमेऱ्याकडे बघून सांगते की मूल थकेपर्यंत सोडायचं नाही, एकदा का ते जिंकलं की कायमचं डोक्यावर बसतं. शेवटी मूल निपचित पडतं आणि पडद्यावर ‘शांत झाला’ असं येतं. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितला आणि माझे हात कापत होते. पालथ्या पडलेल्या लेकराच्या पाठीवर वजन टाकलं की छाती फुलत नाही, श्वास कोंडतो. यात जीव जाऊ शकतो. निपचित पडलेलं मूल शांत झालेलं नसतं, त्याच्यातलं त्राण संपलेलं असतं.

आणि तो हट्ट नव्हताच. हट्ट करणारं मूल आपल्याकडे बघत असतं, हवी ती वस्तू हातात पडली की थांबतं. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला आवाज, उजेड, गर्दी, अचानक झालेला बदल असह्य झाला की जो उद्रेक होतो, तो त्याच्या ताब्यात नसतो. खाऊ देऊन तो थांबत नाही आणि धपाटा घालूनही थांबत नाही. त्या वेळी बोलणं कमी करायचं, आजूबाजूची पोरं बाजूला घ्यायची, आवाज कमी करायचा, टोकदार वस्तू उचलायच्या आणि जवळ थांबायचं. शिकवणं नंतर. खरं काम तर उद्रेकाच्या आधीचं असतं, आणि ते १५ दिवसांत कुणालाही येत नाही.

आमच्याकडे तिसरीत एक मुलगा होता. बोलणं दोन-तीन शब्दांचं. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत त्याची रोज मारामारी. पुढच्याला ढकलायचा, चावायचा, मग भिंतीवर डोकं आपटायचा. वर्गाच्या बाईंचं म्हणणं, लाडाने शेफारलाय. दोन मुलांचे पालक मुख्याध्यापकांकडे येऊन बसले की याला शाळेतून काढा. आम्ही एक वही घातली, तिच्यात तीन रकाने: आधी काय घडलं, तो काय वागला, त्यानंतर काय झालं. पहिल्या रकान्यात काही दिवस नुसतं ‘रांगेत उभा होता’ एवढंच लिहिलं जात होतं. मग मदतनीस मावशींच्या लक्षात आलं की उष्ट्या ताटल्यांचं घमेलं रांगेशेजारी असलं की भडका उडतो, नळापाशी असलं की उडत नाही. स्टीलची ताटली स्टीलवर आदळल्याचा आवाज त्याला सोसत नव्हता. घमेलं कायमचं नळापाशी गेलं. ‘आधी रांग, मग खिचडी’ अशी दोन चित्रं त्याच्या खिशात ठेवली, आणि आवाज झाला की बाईंना दाखवायला कानाचं चित्र असलेलं कार्ड दिलं. ते कार्ड आपणहून काढायला शिकायला त्याला बरेच दिवस लागले. ढकलणं पूर्ण थांबलं नाही. चावणं थांबलं. व्हिडिओतल्या बाईंनी त्याला पालथं पाडून ‘जिंकलं’ असतं, आणि घमेलं जागेवरच राहिलं असतं.

९० दिवसांची खात्री देणाऱ्यांना एवढंच विचारा की ते नेमकं काय बरं करणार आहेत. ऑटिझम आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था आहे. लवकर हात घातला तर मूल बोलायला, मागायला, स्वतःचं आवरायला खूप शिकतं, हे मी रोज बघते. पण तारीख टाकून खात्री कुठलाही शहाणा तज्ज्ञ देत नाही. शाळेत असं दाबून धरणं म्हणजे शारीरिक शिक्षा, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने ती केव्हाच बंद केली आहे. घरातल्या ‘सेंटर’मध्ये बघायला कुणी नसतं, म्हणून तिथली भीती जास्त.

आता ‘सरकारमान्य’. मेसेजसोबतच्या सर्टिफिकेटवर तीन-चार शिक्के आहेत. एक आयएसओचा, एक उद्यम नोंदणीचा. उद्यम नोंदणी म्हणजे एखादा लघुउद्योग सरकारदरबारी नोंदवला आहे, इतकंच. त्या उद्योगात काय शिकवतात याला त्यातून कसलीही मान्यता मिळत नाही. पापड-मसाल्याच्या धंद्यालाही तीच नोंदणी मिळते.

या क्षेत्रात मान्यता देणारी संस्था एकच, भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय. तिचा कायदा १९९२चा आहे. पुनर्वास व्यावसायिक कोण, याच्या त्यातल्या यादीत वाचाउपचारतज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षकही आहेत. कलम १३ सांगतं की मान्यताप्राप्त पात्रता आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी नसतील तर त्या माणसाला सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या संस्थेत हे पद धारण करता येत नाही, भारतात कुठेही या नावाने व्यवसाय करता येत नाही, अशा व्यावसायिकाने द्यायच्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज फारच तोकडी आहे, ती वाढायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. पण ‘लायसन्स लागत नाही’ हे वाक्य याच कलमासमोर सपशेल खोटं ठरतं. मेसेज वाचून उद्या कुणी घरावर ‘स्पेशल एज्युकेटर’ची पाटी लावली, तर गुन्हा तिच्या नावावर लागेल. ४,९९९ घेणारा तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असेल.

विशेष शिक्षक व्हायचं तर बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षणातली पदविका, किंवा पदवीनंतर दोन वर्षांचं विशेष बी.एड. त्यात मोठा वाटा प्रत्यक्ष मुलांसोबतच्या कामाचा असतो: मुलाला आज काय येतं ते तपासणं, त्याच्यापुरता वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करणं, तो वर्गात वापरून बघणं, चुकला की बदलणं. थेरपिस्टचं तर विचारूच नका. वाचाउपचारतज्ज्ञ व्हायला बारावीनंतर चार वर्षं जातात, त्यातलं एक इंटर्नशिपचं. आणि नोंदणी एकदा केली की संपलं असंही नाही. मुदतीत पुढची प्रशिक्षणं करून ती टिकवावी लागते.

शॅडो टीचरबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते. वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस बहुतेक वेळा पालकच नेमतात, आणि त्यासाठी काय शिक्षण हवं याचा कडक नियम आज दिसत नाही. त्यामुळे पदविका नसलेल्या बायका हे काम करतात, आणि काहीजणी उत्तम करतात, कारण त्यांच्या डोक्यावर एखादी नोंदणीकृत विशेष शिक्षिका असते. मेसेजवाल्याने या फटीतूनच आपला धंदा आत घातलाय. पण तो पगाराचं सांगताना हे सांगत नाही की हा पगार एका कुटुंबाच्या खिशातून येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुतेक ठिकाणी तो बंद. मूल शाळा बदललं की काम संपलं. आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. मुंबई-पुण्याच्या बड्या शाळांमधला आकडा ऐकून मिरज-कराडला तेवढे मिळतील असं धरून कुणी कर्ज काढू नये.

‘लाखो जागा रिकाम्या’. विशेष शिक्षकांची टंचाई खरी आहे, ती मी नाकारणार नाही. २८ ऑक्टोबर २०२१ला रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण सांगितलं: प्राथमिकला १० विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. मार्च २०२५मध्ये त्याच प्रकरणात राज्यांना पदं जाहीर करायला पुन्हा बजावावं लागलं, यावरूनच कामाची गती कळते. महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्र स्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, ४,८६० पदांना मंजुरी दिली. त्याआधी आमच्यातले कित्येकजण वर्षानुवर्षं करारावर, मानधनावर, चार-चार गावांच्या शाळा दुचाकीवरून करत होते, त्यांना आधी सामावून घ्यायला हवंच. पण ही सगळी पदं आरसीआयची पात्रता आणि नोंदणी असणाऱ्यांसाठी आहेत. १५ दिवसांच्या कागदावर त्यांच्यातली एकही मिळणार नाही. टंचाई आहे ती शिकलेल्या माणसांची.

आता मध्यस्थाचं, म्हणजे दोन पक्षांमधला वाद बोलून मिटवून देणाऱ्याचं, थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीचं ४० तासांचं प्रशिक्षण आहे, तो आकडा कुठेतरी वाचून मेसेजवाल्याने हे जोडलेलं दिसतं. न्यायालयांच्या पॅनेलवर प्रामुख्याने निवृत्त न्यायाधीश आणि बरीच वर्षं वकिली केलेली माणसं असतात, ती हे प्रशिक्षण वरून घेतात. २०२३च्या मध्यस्थी कायद्याप्रमाणे दोन्ही पक्ष राजी असतील तर आपला मध्यस्थ ते स्वतः निवडू शकतात, हे बरोबर. पण अनोळखी सर्टिफिकेटवाल्या बाईंकडे कोण आपला वाटणीचा वाद घेऊन येईल? गावातले वाद गावात मिटवायला १५ ऑगस्ट २००७पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. त्या समितीत काम करणाऱ्यांना पगार नसतो. कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांना असतो, पण तिथे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी लागते.

मला राग याचा जास्त येतो की भांडण मिटवण्याचं कसब आमच्या कामात खरोखरच लागतं, आणि ते कुणी नीट शिकवत नाही. ‘याला वर्गातून काढा’ म्हणणारे पालक गावगुंड नसतात. त्यांच्या मुलाच्या दंडावर दातांचे वळ असतात. समोर बसलेली आई रोजच माफी मागून थकलेली असते. वर्गशिक्षिकेपुढे चाळीस मुलं असतात. या तिघांना एका टेबलाशी बसवून आधी प्रत्येकाचं ऐकायचं, मग ती वही उघडायची आणि दोन आठवड्यांत कोण काय करणार ते लिहून सह्या घ्यायच्या. खिचडीच्या रांगेच्या वेळी हेच केलं. चावा बसलेल्या मुलाच्या वडिलांनी नंतर स्वतः विचारलं की घमेल्याखाली पोतं घातलं तर आवाज कमी होईल का. शाळा ऐकतच नसेल, प्रवेश नाकारत असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. ही वाट पालकांना सांगणं हेही आमचंच काम.

या कामात यायचं असेल त्यांनी जरूर यावं, आम्हाला माणसं हवी आहेत. दोन वर्षं देता येत नसतील तर आरसीआयचाच सहा महिन्यांचा सीबीआयडी हा अभ्यासक्रम आहे, मे २०२१मध्ये सुरू झालेला, समाजात दिव्यांगांसोबत काम करणाऱ्यांसाठी. त्याने विशेष शिक्षक होता येत नाही, पण तो खरा आहे. पदविका-पदवीसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, एसएनडीटी विद्यापीठ आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मान्यताप्राप्त संस्था आहेत. त्यांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर मिळते. यादीत संस्थेचं नाव बघाच, शिवाय तुम्हाला हवा तोच अभ्यासक्रम आणि तेच शैक्षणिक वर्ष मान्यतेत आहे का तेही बघा, कारण मान्यता ठरावीक वर्षांपुरतीच दिलेली असते. शिकवणाऱ्यांचा परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवा. पैसे भरून झाले असतील तर पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि तो मेसेज जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवा.