शंभर रुपयांत चौघांचं जेवण आणि संध्याकाळचे साडेसात

हल्ली मोबाईल उघडला की एक तरी व्हिडिओ समोर येतोच, "फक्त शंभर रुपयांत चौघांचं पोटभर जेवण!" भांडी चकचकीत, बाई हसतमुख, आणि हिशेबात तेल नाही. गॅस नाही. लसूण कोण सोललं तेही नाही. मी दिवसभर एका टॉवेलच्या कारखान्यात जमाखर्च लिहिते, त्यामुळं कुठला खर्च कुठं लपवलाय ते लगेच दिसतं. शंभराचं जेवण मलाही आवडेल की वो, पण खरं सांगा.

माझं मत असं आहे की खाण्याच्या खर्चात बचत करायची म्हणून सोलापूरच्या लक्ष्मी मार्केटभर स्वस्त वांगी शोधत हिंडून फारसं काही हाती लागत नाही. चाळीसची वांगी तीसला मिळाली, दहा रुपये वाचले, पायाचे तुकडे पडले. पैसा खरा जातो तो संध्याकाळी साडेसातला. दमून घरी आलेलं माणूस, भुकेली पोरं, ओट्यावर कशाचाच पत्ता नाही. मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, आज बाहेरूनच मागवू." चारशे रुपये गेले. त्या चारशेत आठवड्याची भाजी येते. महिन्यातून असे चार-पाच साडेसात झाले की किराण्याच्या यादीतली सगळी घासाघीस पाण्यात.

हे नुसतं आमच्याच घरचं रडगाणं नाही. केंद्र सरकारची २०२२-२३ सालची घरगुती खर्चाची पाहणी बघा. शहरातल्या घरांच्या खर्चापैकी साधारण ३९ टक्के खाण्यावर जातात, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा तयार, पाकीटबंद पदार्थ आणि पेयांचा. धान्याचा वाटा त्याच्या निम्मासुद्धा नाही. म्हणजे आपण भांडतो गहू-तांदळाच्या भावावर आणि खिसा कापला जातो भलतीकडेच.

आपल्या सोलापूरच्या जुन्या स्वयंपाकघराकडं या साडेसातवर उत्तर होतं. आताही आहे. ते कुठल्याही रेसिपीत नाही, डब्यात आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, सांडगे, हरभऱ्याची वाळवलेली भाजी, हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पीठ. घरात एवढं असलं की कितीही उशीर झाला तरी बाहेर फोन करायची पाळी येत नाही.

कडक भाकरीचं लोकांना कौतुक वाटतं ते पाहुण्यांना पिशवीत घालून देण्यापुरतं. ती मुळात सोयीसाठी आहे. पातळ थापलेली, भाजून मंद आचेवर पार कोरडी केलेली ज्वारीची भाकरी डब्यात नीट ठेवली तर महिना-महिना राहते. तिच्यावर गरम आमटी ओतली, दोन मिनिटं थांबलं, की जेवण तयार. त्या वेळी गॅस फक्त आमटीपुरता. शेंगाचटणीचंही तसंच. शेंगदाणे मंद भाजायचे, सालं पाखडून काढायची, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट घालून कुटायचे. मिक्सरमधे फिरवली की भुगा होतो. उखळात कुटली की दाण्याला तेल सुटतं, चटणी हाताला चिकटते, आणि वरून तेल घ्यावंच लागत नाही. तेल कुठं वाचतं ते इथं बघा.

आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला लग्नानंतर पहिल्यांदा शिकवलं ते शेंगुळे. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, त्यात मूठभर ज्वारीचं. लसूण, जिरं, मिरची वाटून घालायची, हळद, मीठ, आणि घट्ट मळायचं. तळहाताला तेलाचं बोट लावून करंगळीएवढी वळी करायची आणि तिची टोकं जुळवायची. दुसरीकडं फोडणीत भरपूर पाणी उकळत ठेवायचं, त्यात एकेक सोडायचं. लगेच ढवळायचं नाही, मोडतात. शिजता शिजता त्यांच्याच पिठानं रस्सा दाट होतो, वेगळं वाटण लागत नाही. वर शेंगदाण्याचं कूट असलं तर उत्तम, नसलं तरी चालतं. घरातले सगळे जेवतात आणि भाजी नावाची वस्तू विकत आणलेली नसते. शंभर ग्रॅम हुलग्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, डब्यातल्या महागड्या पावडरी विकत घेणाऱ्यांनी हे जरा वाचावं. तूरडाळ दीडशेच्या पुढं पळत होती तेव्हा आमच्याकडं आठवड्यातले दोन दिवस आमटीची सुट्टी आणि हुलग्याची हजेरी असायची.

पाणी फेकायचं नाही, हाही जुना नियम. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी ही येळवणी. तिच्यात चिंच, गूळ, काळं तिखट आणि मूठभर ठेचलेली डाळ घातली की सणाच्या दिवशी पोळीइतकीच मागणी आमटीला. मटकी किंवा हुलगा उकडला तर त्याचं कळण. रात्रीची भाकरी उरली की सकाळी कुस्करून ताकात नाहीतर कांदा-मिरचीच्या फोडणीत. आणि आपल्या गावात काही भागांत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा एका पातेल्यात होणाऱ्या जेवणाची किंमत भांडी घासणाऱ्यालाच कळते.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू मैत्रिणीकडं पच्ची पुलुसु पहिल्यांदा खाल्लं तेव्हा वाटलं, यापुढं काटकसर काय असणार! चिंचेचा कोळ, थंड पाणी, बारीक चिरलेला कांदा, भाजून हातानं चुरडलेली मिरची, किंचित गूळ, मीठ, कोथिंबीर. शिजवायचं काहीच नाही. मिरची भाजण्यापुरता जाळ. गरम भातावर ओतायचं. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर असताना, गॅसजवळ उभं न राहता होणारं कालवण म्हणजे चैनच म्हणायची. कन्नड शेजारणीची अंबाडी, म्हणजे तिची पुंडी पल्या, तीही तशीच: आंबट पाला, ज्वारीच्या कण्या, भरपूर लसूण, वाडगाभर पाल्यात सगळं घर. एका गावात तीन भाषांची काटकसर शिकायला मिळते, हे सोलापूरचं भाग्य.

आता जरा कडू बोलते. "गरिबाची भाकरी" म्हणायचे दिवस गेले. गेल्या काही वर्षांत बाजारात चांगली मालदांडी ज्वारी पन्नास-साठ रुपये किलोनं पाहिली आहे, आणि शेजारच्या पोत्यात गहू तीस-पस्तीसला. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यात मोहोळला निवडलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच मंगळवेढ्यात दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली असं आपण लहानपणापासून ऐकतो. आणि आज त्याच मुलखातल्या घरात भाकरी मोजून होते, चपाती मोकळ्या हातानं. उजनी धरणाचं पाणी आलं तिथं ऊस आला. ज्वारीची काढणी मजुरांच्या हातची, पाखरं राखायला माणूस हवं, मग शेतकरी तरी का पेरेल? त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

रेशनवर जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट आहे, प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो आणि अंत्योदयाला घरटी पस्तीस किलो. मोठा आधार आहे, त्याची चेष्टा करणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहावं. पण पिशवीत येतं ते मुख्यतः गहू-तांदूळ. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीचं सरकारी नाव "श्रीअन्न" झालं, ताटात मात्र भातच राहिला. आपल्या जिल्ह्यात रेशनवर बाराही महिने ज्वारी हवी, ती इथल्याच शेतकऱ्याकडून बऱ्या भावानं घेतलेली. त्यानं शेतकऱ्याचंही बरं होईल.

तोवर आम्ही गल्लीतल्या बायकांनी एक केलंय. भिशी सगळीकडं असते, साडीची, भांड्याची. आमची धान्याची आहे. दर महिन्याला थोडे पैसे टाकायचे आणि फेब्रुवारी-मार्चला नवी ज्वारी निघाली की एकदम क्विंटलनं घेऊन वाटून घ्यायची. किलो-किलोनं दुकानातून घेणाऱ्याला तेच धान्य वर्षभर महाग पडतं. आणि किलो-किलोनं कोण घेतं? ज्याला आठवड्यानं पगार मिळतो तो. लूमवाला, विडीवाली. ज्यांच्याकडं पैसा कमी त्यांनाच माल महाग. "वर्षाचं धान्य एकदम भरा" हा सल्ला देणाऱ्याच्या लक्षातच येत नाही की एकदम भरायला एकदम पैसे लागतात. भिशीनं ती अडचण थोडी सुटते. ज्वारी आणली की कडकडीत ऊन द्यायचं, पत्र्याच्या कोठीत भरताना मधे मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. ऊन तर सोलापूरला देवानं हातचं न राखता दिलंय.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यावर घरात वाद होतात. काटकसरीचं कौतुक बाईचं आणि कामही बाईचंच, हे मला मान्य नाही. सांडगे म्हणजे डाळी भिजवा, वाटा, उन्हात बसून बोटानं एकेक तोडा, कावळे हाकला, संध्याकाळी गोळा करा. त्याचे पैसे कुठल्या हिशेबात धरले? पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईला हजारामागं मजुरी मिळते. ती अर्धा दिवस सांडगे घालत बसली तर तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी. तिला "घरीच करा, स्वस्त पडतं" म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. तिनं बचत गटाच्या बाईकडून कडक भाकरीचं पाकीट आणि पावशेर कुटलेली चटणी घेतली तर ती काटकसरच आहे. हॉटेलच्या एका पार्सलपेक्षा ते स्वस्त, आणि पैसा गावातल्याच बाईच्या हातात.

ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी मात्र वाटून घ्या. आमच्याकडं शेंगा फोडण्याचं आणि लसूण सोलण्याचं खातं ह्यांच्याकडं आहे, टीव्हीसमोर बसून. सुरुवातीला कुरकुर होती. आता क्रिकेटची मॅच असली की स्वतःच विचारतात, शेंगा आहेत का काही. हुलगा रात्री भिजत घालायचं काम थोरलीकडं. रात्रभर भिजलेला हुलगा कुकरला लवकर शिजतो, गॅस वाचतो. शेंगुळे वळायला धाकटा बसतो, त्याचे शेंगुळे कमी आणि साप-विंचू जास्त होतात, पण शिजतात ते सारखेच.

काही ठिकाणी मी पैसे वाचवत नाही. पोरांचं दूध आणि अंडी कमी करून ज्या घरात तुपाची धार तशीच राहते तिथली काटकसर मला पटत नाही. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं तर नकोच, त्यापेक्षा तळणच कमी करा. आणि सगळ्यांचं वाढून झाल्यावर बाईनं तळाचं खरवडून खाणं, याला काटकसर म्हणू नका. आमच्या आत्यांचं आयुष्य त्यात गेलं. आता मी त्यांना सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसवते, तर त्या अजून पातेल्यात किती उरलंय ते वाकून बघतात.

यंदा भिशीत ज्वारीबरोबर हुलगाही घ्यावा असा माझा आग्रह चाललाय. गल्लीत दोन तट पडलेत. अर्ध्या जणी म्हणतात पोरं हुलग्याला तोंड लावत नाहीत. मी धाकट्याला विचारलं, तर म्हणाला, "शेंगुळ्याला घेणार असशील तर घे. माडगं करणार असशील तर माझं नाव काढ." तेव्हा माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पेज, पोरांच्या गळी कसं उतरवायचं हे ज्यांना जमलंय त्यांनी खाली लिहा, गूळ किती आणि सुंठ किती यासकट. आणि बार्शी-मंगळवेढ्याकडून बिनखड्याचा हुलगा कुणी थेट देत असेल तर तेही कळवा.