दाराची कडी

"मला बाबा कलेतलं काही कळत नाही." हे वाक्य लोक दोन सुरांत म्हणतात. काही जण ओशाळून, जणू नापास झालेत. काही जण ऐटीत, म्हणजे आम्ही कामाची माणसं, असले रिकामे उद्योग आमच्याकडे नाहीत. पहिल्यांबद्दल मला माया वाटते. दुसऱ्यांशी जरा भांडायचंय.

त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: आधी पोट, मग कला. ऐकायला बिनतोड. पण माणूस या क्रमाने वागलेला दिसत नाही. दक्षिण जर्मनीत होले फेल्स नावाची गुहा आहे. तिथे २००८ साली गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बासरी सापडली, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची. बाहेर हिमयुग, उद्या शिकार मिळेल की नाही याचा भरवसा नाही, आणि आत कुणीतरी हाडाला भोकं पाडत बसलंय. हाड निदान आतून पोकळ तरी असतं. त्याच परिसरातल्या दुसऱ्या गुहेत मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्याची बासरी मिळाली. तो उभा चिरायचा, दोन्ही अर्धुकं आतून कोरून काढायची आणि पुन्हा अशी चिकटवायची की हवा कुठून निसटता कामा नये. तेही दगडाच्या हत्यारांनी! "अरे, त्यापेक्षा भाल्याचं टोक तासलं असतंस तर?" असं त्याला कुणीतरी म्हणालंच असणार. असा एक जण प्रत्येक गुहेत असतो.

पोट भरलेलं नसताना, उलट उपासमारीत, माणसं काय करतात हेही आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी प्रागजवळच्या टेरेझीन गावात ज्यूंना कोंडून ठेवलं होतं. त्यांत फ्रीड्ल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार होती. मिळतील त्या कागदांवर, रद्दीवर, ती मुलांकडून चित्रं काढून घ्यायची. चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायची. जिथे माणसाचा नुसता आकडा झालेला, तिथे हा आग्रह. १९४४ साली तिला आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवून मारलं. मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. मागे दोन सुटकेस राहिल्या, त्यांत सुमारे ४,५०० चित्रं होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत फुलं आहेत, घरं आहेत, फुलपाखरं आहेत. कोपऱ्यात नाव.

कला माणसाला सज्जन करते असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच आउश्वित्झमध्ये कैद्यांचे वाद्यवृंद होते आणि छळ करणारे अधिकारी त्यांचं वादन आवडीने ऐकायचे. त्यामुळे "कलेने मन शुद्ध होतं" छापाची भाषणं सुरू झाली की मी चपला शोधायला लागतो.

मग कला करते तरी काय? मला याचं त्यातल्या त्यात बरं उत्तर माझ्या चार वर्षांच्या भाचीने दिलं, तेही मी तिची चूक काढत असताना.

तिने घर काढलं होतं. घर इवलंसं, दार त्याहून थोडं मोठं, आणि दारावर ही एवढी थोरली कडी! खिडकीपेक्षा मोठी, काळ्या खडूने गिरवून गिरवून कागद फाटायला आलेला. मी आपला शहाणपणाने म्हणालो, "अगं, कडी एवढी मोठी असते का?" लहानपणी माझ्या चित्रकलेच्या सरांनी माझं डोंगराएवढं मांजर असंच लाल पेनाने खोडलं होतं, तोच सूर माझ्या तोंडून निघाला. तिने माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "मामा, माझा हात पुरतच नाही ना तिला."

मी गप्प बसलो.

त्या दाराची उंची, रुंदी, कडीचं माप, हे सगळं मला सांगता आलं असतं, अगदी बिनचूक. पण बंद दारापुढे टाचा उंचावून उभं राहिलेल्या माणसाला ती कडी कशी दिसते, हे मला त्या फाटायला आलेल्या कागदाने सांगितलं. माहिती आपण एकमेकांना दिवसभर देतच असतो. "मला हे असं दिसतं" हे सांगायला मात्र मापात खोटं बोलावं लागतं, कडी मोठी करावी लागते, सूर लांबवावा लागतो. आणि समोरच्याने ते पाहून "अच्छा, असं होय!" म्हटलं की झालं काम. तेवढ्यापुरतं तरी आपण दुसऱ्याच्या डोळ्यांमागे जाऊन उभे राहतो. यात कळण्या-न कळण्याची परीक्षा कुठे आली? "मला काही कळत नाही" म्हणणारे हेच लोक एखादं गाणं लागलं की बोलता बोलता थांबतात, आणि ते संपेपर्यंत गाडीतून उतरत नाहीत.

भाची झोपल्यावर मी आमच्या दारापुढे फतकल मारून बसलो आणि वर पाहिलं. कुणी बघत नव्हतं म्हणून बरं. कडी खरंच मोठी आहे हो.