उपलब्धतेनुसार

काउंटरपलीकडच्या मुलीनं माझं नाव टाइप केलं, एंटर दाबलं आणि ती स्क्रीनकडे बघत राहिली. मी श्वास रोखला. मग तिनं पुन्हा काहीतरी टाइप केलं. चेक-इनच्या वेळी ही मंडळी एवढं काय बडवत असतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नाव, आडनाव, दोन रात्री, एक माणूस. संपलं की! पण माझ्यावर प्रबंध लिहायला घेतल्यासारखं त्यांचं चाललेलं असतं. अशा वेळी मी चेहऱ्यावर एक खास भाव आणतो. मला तसं काही नकोय, पण तुम्ही दिलंतच तर मन मोडणार नाही, असा.

शेवटी ती हसली. "वेलकम बॅक, सर. आमच्या गोल्ड मेंबर्सना अपग्रेड द्यायचा आम्ही नेहमीच प्रयत्न करतो."

'प्रयत्न' हा शब्द आला की पुढचं ऐकायची गरज नसते. तरी मी ऐकलं.

"तुम्हाला चौथ्याऐवजी सहावा मजला दिलाय."

सहाव्या मजल्यावरच्या खोलीत आणि चौथ्या मजल्यावरच्या खोलीत तसूभर फरक नव्हता. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मागच्या खेपेला मी चौथ्यावरच होतो. तोच पलंग, तीच खुर्ची, उशाशी कशाचं आहे ते न कळणारं तेच चित्र. चौथ्यावरून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. सहाव्यावरून त्या इमारतीची गच्ची आणि गच्चीवर घरघरणारी एसीची यंत्रं दिसत होती. 'बेटर व्ह्यू' म्हणतात तो हा.

तक्रार करायलाही जागा नाही. या मेंबरशिप योजनांचे नियम मी वाचलेत. माझ्या घराचा करारसुद्धा मी इतक्या बारकाईनं वाचलेला नाही. वरचा मजला, कोपऱ्यातली खोली, जरा बऱ्या बाजूची खिडकी, हे सगळं नियमांत अपग्रेडच धरलेलं असतं. वर प्रत्येक वाक्याच्या शेपटाला बांधलेलं असतं 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी'. म्हणजे उपलब्धतेनुसार. उपलब्धता ठरते चेक-इनच्या वेळी, आणि ती ठरवणारा काउंटरच्या पलीकडे उभा असतो.

या रोगाची साथ आली विमानातून. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी प्रवासाचे मैल साठवून त्यावर बक्षिसं मिळवायची योजना काढली. ते बघून १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी ती हॉटेलांत आणली आणि १९८७ साली हिल्टननं. यात हॉलिडे इनची मला फार गंमत वाटते. केमन्स विल्सन नावाचा गृहस्थ १९५१ साली बायकापोरांना घेऊन सहलीला निघाला. वाटेतल्या मोटेलांनी त्याला इतका वैताग आणला, की पुढच्याच वर्षी त्यानं मेम्फिसमध्ये स्वतःचं हॉटेल काढलं. सगळीकडे एकसारखी, स्वच्छ खोली मिळायला हवी, एवढंच त्याचं म्हणणं. सत्तरच्या दशकात त्यांची जाहिरातच होती, की सगळ्यात छान आश्चर्य म्हणजे कसलंच आश्चर्य नसणं. आणि मी? तीच एकसारखी, स्वच्छ, बिनआश्चर्याची खोली हातात पडली की तोंड पाडून लिफ्टकडे जातो.

कॉनरॅड हिल्टन १९१९ साली टेक्सासमधल्या सिस्को या गावी गेला होता बँक विकत घ्यायला. बँकेचं जमलं नाही, हॉटेल घेऊन बसला. तेलविहिरींवरच्या कामगारांची तिथं एवढी झुंबड, की खोल्या आठ-आठ तासांच्या पाळीनं भाड्यानं जायच्या. आधीचा माणूस वेळेवर उठला, हेच तेव्हाचं अपग्रेड. चेक-आउटची वेळ वाढवून मागणाऱ्याचं तिथं काय होत असेल, हे मी मधूनमधून मनात रंगवून बघतो.

तर मी गोल्ड आहे. ऐकायला बरं वाटतं, म्हणून सांगतो. पण या जगात सोनं पायरीच्या खालच्या अंगाला असतं. मॅरियटचं उदाहरण घ्या. वर्षात १० रात्री काढल्या की सिल्व्हर, २५ झाल्या की गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. बाजारात टायटेनियमला सोन्यापुढे काडीची किंमत नाही, पण हॉटेलच्या काउंटरवर टायटेनियमवाला आला की सोन्यानं बाजूला व्हायचं. १०० रात्रींना तर धातूच संपतात आणि माणूस ॲम्बॅसिडर होतो, अर्थात तेवढे पैसेही ओतले असतील तर. वर्षातले सव्वातीन महिने परक्या गादीवर काढणाऱ्याला राजदूत म्हणायचं ठीकच आहे. हयात हॉटेलवाल्यांनी धातूंचा नाद सोडून डिस्कव्हरिस्ट, एक्सप्लोरिस्ट, ग्लोबलिस्ट अशी नावं ठेवलीत. तिथं माणूस ६० रात्री खोलीत झोपून जगप्रवासी होतो.

अपग्रेड कसं मिळवावं यावर जाणकारांचे सल्ले पुष्कळ. लास व्हेगासमध्ये म्हणे क्रेडिट कार्ड आणि ओळखपत्राच्या मध्ये वीस डॉलरची नोट घडी करून सरकवतात आणि निरागसपणे विचारतात, 'काही अपग्रेड वगैरे?' माझ्याच्यानं हे होणार नाही. घडी घालतानाच हात कापतील आणि नोट नेमकी पलीकडच्या माणसाच्या बुटावर पडेल.

दुसरा सल्ला सोपा वाटला. बुकिंग करताना 'विशेष सूचना' म्हणून एक चौकोन असतो, त्यात लिहायचं, लग्नाचा वाढदिवस आहे. मी लिहिलं. तारीख साफ खोटी होती आणि मी ऑफिसच्या कामाला एकटाच निघालो होतो, पण हावेपुढे असल्या बारीकसारीक गोष्टी सुचत नाहीत. काउंटरवर नेहमीचंच झालं, अपग्रेड नाही. खोलीत गेलो तर पलंगाच्या मधोमध टॉवेलांचे दोन हंस. चोचीला चोच लावून, मानांचा बदाम करून बसलेले. भोवती लाल पाकळ्या. थोड्या वेळानं हाउसकीपिंगच्या बाई जास्तीचा टॉवेल घेऊन आल्या, 'हॅपी ॲनिव्हर्सरी' म्हणाल्या, माझ्या खांद्यावरून आत डोकावल्या आणि त्यांनी काळजीनं विचारलं, "मॅडम?"

"त्या... नंतर येतायत," मी म्हणालो.

मॅडम तिथून विमानानं तीन तासांवर, स्वतःच्या पलंगावर आडव्या झालेल्या होत्या. मी हंसांना अलगद उचलून खुर्चीवर ठेवलं. मोडायचा धीर झाला नाही. दोन दिवस ते खुर्चीवरून एकमेकांकडे बघत होते आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर. सकाळी नाश्त्याला गेलो तर तिथल्या मुलानंही समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून आवाज खाली आणला. दुसऱ्या दिवशी तर माझं एकंदरीत काय झालं असावं, याबद्दल त्या हॉटेलात एकमत झालेलं दिसत होतं.

मग मी पुराव्याच्या मार्गाला लागलो. चेक-इनच्या आदल्या रात्री हॉटेलचं ॲप उघडायचं, उद्याची तारीख टाकायची आणि स्वीट, म्हणजे बैठकीची खोली वेगळी असलेली ती ऐसपैस महागडी जागा, विक्रीला आहे का ते बघायचं. दिसला की खूश. विकला गेलेला नाही, म्हणजे रिकामा आहे. रिकामा आहे, म्हणजे माझाच. एकदा काउंटरवर पोचलो तेव्हा फोनवर 'दोनच शिल्लक' असं लाल अक्षरांत ढळढळीत दिसत होतं.

"सॉरी सर, आज स्वीट उपलब्ध नाही," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

पुरावा हातात होता, वकिलाचीच बोबडी वळली होती. तरी घसा खाकरून म्हणालो, "नाही म्हणजे, ॲपवर दोन दिसतायत."

"हो सर," तो अगदी प्रेमानं म्हणाला, "ते विकायला आहेत."

यावर कोणाला उत्तर सुचलं तर मला कळवा. विकायला आहेत, म्हणून उपलब्ध नाहीत. पुढे लिफ्टमध्ये थोडं थोडं उलगडत गेलं. पाटी मोठ्या कंपनीची असली तरी बऱ्याचदा इमारत भलत्याच मालकाची असते. निष्ठा मी पाटीशी ठेवतो आणि स्वीट द्यायचा असतो इमारतवाल्यानं. रात्री दहाला कोणी पैसे मोजणारा आला तर त्याला चार पैसे सुटणार आहेत, माझ्याकडून फक्त धन्यवाद. त्याच्या जागी मी असतो तर मला सहावा मजलासुद्धा दिला नसता. आता तर काही ठिकाणी दोन दिवस आधी ईमेल येतं, 'थोडी बोली लावा आणि अपग्रेड मिळवा.' म्हणजे निष्ठेचं फळ म्हणून जे फुकट मिळायचं, त्याचाच लिलाव, आणि आमंत्रण मलाच.

एवढंही मी सोसलं असतं. पण आमच्या ऑफिसातले एक सहकारी आहेत. ते कुठल्याही योजनेचे सभासद नाहीत. 'पॉइंट्स' म्हटलं की त्यांना शाळेतले मार्क आठवतात. आम्ही एकाच हॉटेलात उतरलो होतो, मी गोल्ड, ते कोणीच नाही. रात्री त्यांचा फोन आला. "जरा वर येता का? एक दिवा बंद होत नाहीये."

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकलो. समोर आठ खुर्च्यांचं डायनिंग टेबल. पलीकडे तीन माणसं आडवी होतील असा सोफा. त्याच्या पलीकडे आणखी एक दार, आणि निजायची खोली त्या दारामागे! स्वच्छतागृहं दोन. या सगळ्या साम्राज्यात गृहस्थांनी वापरली होती फक्त डायनिंगची एक खुर्ची. तिच्या पाठीवर बनियन वाळत घातलं होतं.

"फारच मोठी खोली दिली हो," ते कुरकुरले. "फोन चार्जिंगला कुठं लावला तेच सापडत नव्हतं मघाशी."

कोपऱ्यातला उभा दिवा जळत होता. गृहस्थांनी भिंतीवरची सगळी बटणं दाबून झाली होती. पडदे दोनदा उघडले, दोनदा मिटले, दिवा ढिम्म. मी गुडघ्यावर बसलो, सोफ्यामागे हात घातला, वायरवरून बोटं सरकवत नेली आणि जमिनीपासून वीतभर वर लोंबणारं बटण दाबलं. इतक्या वर्षांच्या हॉटेलवासाचं हेच काय ते माझं ज्ञान, आणि तेही दुसऱ्याच्या स्वीटमध्ये कामी आलं.

त्यांना स्वीट का मिळाला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सगळ्यात साध्या खोल्या हॉटेलं आहेत त्याहून थोड्या जास्तच विकून ठेवतात. कोणी ना कोणी रद्द करतंच, या भरवशावर. एखाद्या दिवशी कोणीच रद्द करत नाही. मग साध्या खोलीवाल्यांतला कोणीतरी वर ढकलावा लागतो. यांनी सगळ्यात साधी खोली घेतली होती. मी शहाणा! स्वीटच्या जवळ राहावं म्हणून पदरचे पैसे घालून मधल्या दर्जाची घेतली होती. मधली खोली होती तिथंच होती, म्हणून मला ढकलायचं कारणच नव्हतं.

यंदा डिसेंबर उजाडला तेव्हा पुढच्या पायरीला मला एकच रात्र कमी पडत होती. रात्री मोजतात कॅलेंडरच्या वर्षावर, एक जानेवारीला पाटी कोरी. अशा वेळी नुसती रात्र पदरात पाडायला हॉटेलात जाऊन निजतात, त्याला या पंथात 'मॅट्रेस रन' म्हणतात. मीटिंगमध्ये अडकलो होतो, म्हणून बायकोला फोन केला. "अगं, आपल्या घराजवळचंच हॉटेल बघ. साधीतली साधी खोली. आणि त्यांच्याच साइटवरून कर, दुसरीकडून केलंस तर रात्र धरत नाहीत."

"अहो, घरचं अंथरूण चावतंय का तुम्हाला?"

"निजायचं नाहीये तिथं. किल्ली घ्यायची आणि घरी यायचं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "करते," आणि फोन ठेवला.

रात्री साडेनऊला मी काउंटरवर उभा राहिलो. हातात बॅग नाही, चेहऱ्यावर तो खास भावही नाही. मुलीनं आडनाव टाइप केलं, बराच वेळ बडवलं आणि ओशाळून म्हणाली, "सर, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय. तुमच्या प्रकारातल्या खोल्या संपल्यात. तुम्हाला बाराव्या मजल्यावरचा स्वीट दिला तर चालेल ना?"

चालेल ना! मी काउंटरवर कोपर टेकलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, "गोल्ड मेंबरशिपचा शेवटी उपयोग होतो म्हणायचा."

तिनं पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. "पण सर, या बुकिंगवर मेंबरशिप नंबरच नाहीये."

बायकोनं साधीतली साधी खोली, त्यांच्याच साइटवरून, सांगितल्याबरहुकूम बुक केली होती. नंबराचा चौकोन तेवढा कोरा राहिला होता.

"लावू का आत्ता?" तिची बोटं कीबोर्डवर तयारच होती.

की-कार्ड अजून तिच्याच बाजूला पडलं होतं, कागदी पाकिटात, वर पेनानं खोलीचा नंबर लिहिलेलं. नंबर लावला नाही तर आजची रात्र वाया. लावला, तर मी कोण आहे ते कॉम्प्युटरला कळणार. आणि ते त्याला कळल्यावर काय होतं, याचा मला दांडगा अनुभव.

"लावा," मी म्हणालो, "पण आधी किल्ली इकडे द्या."